रामभूमीचे शिल्पकार डॉ. मुंजे

शाळा म्हटली की ओळीने बांधलेल्या वर्गखोल्या आणि समोर लहानसे पटांगण, असे चित्र शहरवासीयांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. काय शिकवायचे हे आधी ठरवून त्याला साजेशी जागा उभी करणारे संस्थापक विरळाच. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे त्यांपैकी एक होत.

डॉ. मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूर येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. बोअर युद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत त्यांनी वैद्यकीय सेवा केली. पुढे नागपुरात नेत्रवैद्य म्हणून त्यांनी नाव मिळविले. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. टिळकांच्या निधनानंतर गांधीजींच्या मार्गाशी त्यांचे पटले नाही आणि ते हिंदू महासभेच्या नेतृत्वाकडे वळले.

सैन्यातील अधिकारपदे भारतीयांना मिळावीत, हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा ठेवण्यात आल्या होत्या. भारतातच अधिकारी घडविणारी संस्था कशी असावी, याचा विचार करणाऱ्या १९३१ च्या समितीचे डॉ. मुंजे सदस्य होते. १९३२ मध्ये डेहराडूनला लष्करी अकादमी सुरू झाली. पण तेथे पोहोचण्याइतकी तयारी कोवळ्या वयातच व्हायला हवी, आणि पुस्तकापुरत्या माध्यमिक शाळेत ती होत नाही, असे त्यांचे मत होते.

त्यासाठी त्यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि संस्थानिक व धनिकांकडे मदतीसाठी पदर पसरला. जून १९३७ मध्ये शाळा सुरू झाली. मार्च १९३८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते 'रामभूमी' येथे तिचे उद्घाटन झाले. नेहमीच्या शालेय विषयांच्या जोडीला कवायत, नेमबाजी आणि घोडदौड हे येथील शिक्षणाचे अंग होते. कवायतीला प्रशस्त मैदान, नेमबाजीला वस्तीपासून सुरक्षित अंतर, घोड्यांना तबेले आणि चोवीस तासांच्या शिस्तीला वसतिगृह लागते. गावातल्या एखाद्या वाड्यात हे सारे सामावणे अशक्यच होते. येथे मैदान ही वर्गाइतकीच महत्त्वाची शिकण्याची जागा ठरली.

या चरित्राची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. गोलमेज परिषदेनंतर मार्च १९३१ मध्ये डॉ. मुंजे इटलीत गेले, मुसोलिनीला भेटले आणि तेथील बालिला या तरुणांच्या अर्धलष्करी संघटनेने प्रभावित झाले. त्यांची मूळ योजना हिंदू समाजाच्या लष्करीकरणाची होती. त्यामुळे या प्रेरणेवर अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे. अभ्यासक्रम जितका वास्तूला आकार देतो, तितकाच त्यामागचा विचारही तिच्यात उतरतो. म्हणूनच तो विचार तपासून घेणे अगत्याचे असते.

३ मार्च १९४८ रोजी डॉ. मुंजे यांचे निधन झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद राहतीलच. मात्र जागेच्या टंचाईत मैदानाविना शाळा उभ्या राहत असताना, मुलांना काय शिकवायचे आहे हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वी विचारावा, हा रामभूमीचा धडा शहरांनी विसरू नये.