दोरा सैल, मासा गेला

संक्रांतीच्या आदल्या रात्री आमच्या घरात एकच काम चालायचं. दादा फिरकी फिरवायचा आणि मी मांजा चिमटीत दाबून धरायचे. चिमूट जरा सैल पडली की डोक्यात टपली! सैल भरलेला मांजा पेच लागला की खालच्या थरात रुततो, फिरकी अडकते आणि आपला पतंग गेलाच म्हणून समजा. हे सगळं परवा आठवलं ते एका अमेरिकन कादंबरीकारामुळे. त्याचं नाव झेन ग्रे.

काउबॉय, घोडे, धूळ उडवणारी वाळवंटं असल्या ‘वेस्टर्न’ कथांचा हा बादशहा. 1912 साली आलेल्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ने त्याला घराघरात पोहोचवलं आणि त्याच्या गोष्टींवर शंभराहून जास्त सिनेमे निघाले. पण पुस्तकांतून आलेला पैसा तो खर्च करायचा समुद्रात, अवाढव्य मासे गळाला लावण्यासाठी. जगातला सगळ्यात मोठा मासा आपल्याच दोऱ्याने यावा, हे त्याचं वेड. आणि ते वेड शेवटी येऊन थांबायचं एका रिळावर.

ग्रे जन्मला 31 जानेवारी 1872 ला, ओहायोतल्या झेन्सव्हिल गावात. हे गाव त्याच्या आईच्या आजोबा-पणजोबांच्या घराण्याने वसवलेलं, म्हणून नावात झेन. वडील दातांचे डॉक्टर आणि भलतेच कडक. पोराने पंधराव्या वर्षी पहिली गोष्ट लिहिली, तर त्यांनी ती फाडून टाकली आणि वर मार दिला. (आपल्याकडे मार्कशीटवरून होतं तसंच.) पुढे बेसबॉलच्या स्कॉलरशिपवर तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला, 1896 मध्ये डेंटिस्ट झाला आणि न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला. पण मन रमेना. सुट्टी मिळाली की तो भावाबरोबर डेलावेअर नदीवर गळ टाकून बसायचा. तिथेच त्याला डॉली भेटली. 1905 मध्ये लग्न झालं. त्याची हस्तलिखितं तपासणं, प्रकाशकांशी बोलणं, पैशाचा हिशोब, सगळं तिच्याकडे. नवरा महिनोन्महिने समुद्रावर, सोबत तरुण मैत्रिणीही, आणि ही घरी मुलं आणि खर्च सांभाळतेय. हे वाचताना मला त्याचा राग आला, तो इथे लपवत नाही.

आता त्याच्या रिळाकडे वळू. मोठ्या माशांसाठी तो करायचा त्या प्रकाराला ट्रोलिंग म्हणतात. बोट चालू ठेवायची, मागे आमिष ओढत न्यायचं आणि मासा झडप घालेपर्यंत वाट बघायची. त्या काळी नायलॉन नव्हतं. दोरा असायचा लिननचा, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचा, अनेक पदर वळून केलेला. ताकद पदरांवर मोजायची: ओल्या दोऱ्यात एका पदराला साधारण तीन पौंड. म्हणजे 24 पदरी दोरा सुमारे 72 पौंड, आपल्या हिशोबात बत्तीस-तेहतीस किलो ताण सोसणार. अशा दोऱ्यावर तीनशे-चारशे किलोचं धूड आणायचं!

लिननची गंमत अशी की ते ओलं झालं की जास्त मजबूत होतं, पण खारट ओलं तसंच राहिलं तर कुजतं. त्यामुळे बोट किनाऱ्याला लागली तरी दिवस संपायचा नाही. अख्खा दोरा रिळावरून सोडवायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, वाळत टाकायचा आणि निघण्याआधी पुन्हा भरायचा. भरताना एक माणूस रीळ फिरवणार, दुसरा दोरा चिमटीत ताणून धरणार आणि अंगठ्याने डावी-उजवीकडे सारत थर सपाट ठेवणार. एका बाजूला ढीग झाला किंवा थर सैल बसला की संपलं. मासा पळाला की वरचा दोरा खालच्यात घुसतो, रीळ जाम होतं आणि क्षणात दोरा तुटतो.

त्यात शेवटचा तुकडा पोलादी तारेचा. माशाच्या दाताने आणि खरखरीत अंगाने दोरा कापला जातो म्हणून ही सोय. पण तारेला एकदा मुरड पडली की ती नेमकी तिथेच तुटते. आजही काहीजण आमिष खोल न्यायला जवळजवळ सगळी तारच रिळावर भरतात, खाली साध्या दोऱ्याचा थर देऊन. ती तर दोऱ्यापेक्षा खट्याळ. ताण सुटला की स्प्रिंगसारखी उसळून रिळाबाहेर येते.

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर अ‍ॅव्हलॉन इथे ‘टूना क्लब’ होता, 1898 मध्ये सुरू झालेला. नियम कडक: दोरा 24 पदरांहून जाड चालणार नाही. माशाला संधी मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार. 1920 च्या सुमारास ग्रेने तिथे मोठा तलवार मासा पकडला आणि त्याबद्दल ऐकवून ऐकवून सगळ्यांना भंडावलं. पुढे एका सडपातळ बाईंनी त्याहून जरा मोठा मासा आणला. ग्रेला पटेना. एवढीशी बाई एकटी हे करूच शकत नाही, कुणीतरी मदत केली असणार, असं तो बोलत सुटला. क्लबने माफी मागायला लावली. त्याने ती मागितली, पण क्लब सोडला. (आम्हा मुलींना हा सीन ओळखीचा आहे.) मग तो 39 पदरी दोऱ्याकडे वळला आणि इंग्लंडच्या हार्डी कंपनीने त्याच्या नावाचं भलंमोठं रीळ बनवलं.

1924 मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात त्याने 758 पौंडांचा, म्हणजे 344 किलोंचा ट्यूना आणला. आपल्या बाजारातला कुपा त्याच घराण्यातला, पण तो हातात मावतो! 1926 मध्ये न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये त्याने तळ टाकला, तिथून पुढे ताहिती. आणि 1930 मध्ये तिथेच तो मासा लागला: 1040 पौंडांचा मार्लिन. काठी-रिळावर हजार पौंड ओलांडणारा पहिला. दोरा टिकला, तार टिकली, रीळ अडकलं नाही. पण मासा बोटीपर्यंत येण्याआधी शार्कनी त्याचे लचके तोडले होते. अशा माशाला विक्रमांच्या यादीत जागा नसते. आयुष्यभर ज्याच्या मागे धावला तो हाताशी आला, तो अर्धवट.

मंदीत पुस्तकांची कमाई घटली, बोटींचा खर्च मात्र तसाच. डॉली पत्रांतून खर्च आवरायला सांगत राहिली. तो 1936 मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला आणि सिडनीजवळ 1036 पौंडांचा टायगर शार्क काढला. पुढच्याच वर्षी ओरेगॉनमध्ये नदीवर मासेमारी करताना त्याला झटका आला. त्यातून तो सावरला, पण 23 ऑक्टोबर 1939 ला अल्टाडेना इथल्या घरी हृदयविकाराने गेला.

त्याच्या अखेरच्या वर्षात ड्यूपॉन्ट कंपनीचा नायलॉनचा दोरा बाजारात येत होता. न कुजणारा, धुवून वाळत घालावा न लागणारा. रिळावर मात्र तोही चिमटीत ताणूनच भरावा लागतो.