जिम ग्रे: ‘रेकॉर्ड लॉक आहे’ या मेसेजमागचा माणूस

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं परचेस सॉफ्टवेअर मी काही दिवस सांभाळत होतो. ऐन हंगामात साताऱ्याच्या गोडाऊनमधून फोन यायचा, की बारदानाची ऑर्डर उघडत नाही, रेकॉर्ड लॉक आहे म्हणतंय. बहुतेक वेळा सांगलीत कुणीतरी तीच ऑर्डर स्क्रीनवर उघडी ठेवून चहाला गेलेलं असायचं!

या लॉकवर सगळेच वैतागतात. पण लॉक नसतं तर? साताऱ्याने 40 पोती वाढवली, त्याच मिनिटाला सांगलीने जुन्या आकड्यावरच दर बदलून सेव्ह केलं, की साताऱ्याची 40 पोती गायब. एररही नाही, काहीच नाही. हा घोळ ज्यांनी नीट सोडवला, त्यांतलं मोठं नाव म्हणजे जिम ग्रे.

जन्म 1944 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. 1969 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी केली. मग आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रोजेक्टवर काम. आज आपण जी एसक्यूएल वापरतो, तिचा जन्म याच प्रोजेक्टमधला.

1976 मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत के. पी. ईश्वरन हेही होते) एक नियम मांडला. एका व्यवहाराला लागणारी लॉक आधी घेत जायची, आणि एकदा लॉक सोडायला सुरुवात केली की नवीन घ्यायचं नाही. एवढं पाळलं, की शंभर जण एकदम काम करत असले तरी हिशोब असा येतो जणू सगळे रांगेत एकेक करून आले होते. लॉक अख्ख्या टेबलला लावायचं की एका ओळीला, दोन्ही एकत्र कसं चालवायचं, हेही त्याच काळात त्यांनी मांडलं. म्हणूनच बारदानाची एक ऑर्डर लॉक असताना बाकीच्या ऑर्डरी चालू राहू शकतात.

पण लॉक आलं की डेडलॉकही आलं. साताऱ्याने ऑर्डर धरली आणि त्यांना स्टॉक हवाय, सांगलीने स्टॉक धरला आणि त्यांना ऑर्डर हवीये. दोघंही थांबलेले. अशा वेळी डेटाबेस एकाचा व्यवहार रद्द करतो, आणि प्रोग्रामने तो पुन्हा चालवायचा असतो. सगळीकडे आधी ऑर्डर, मग स्टॉक असा एकच क्रम ठेवला तर ही वेळ क्वचितच येते.

आणि साधं लॉक अडकलं तर आधी ते कुणाच्या नावावर आहे ते बघा, त्याला फोन करून सेव्ह करून बंद करायला सांगा. लाईट जाऊन कॉम्प्युटर बंद पडला असेल तरच ॲडमिनकडून ते सेशन काढा. चालू सेशन मारलं तर समोरच्याचं सेव्ह न केलेलं काम जातं (मी हे केलंय, शिव्याही खाल्ल्यात). कायमचा उपाय म्हणजे स्क्रीन उघडल्यावर नाही, तर सेव्ह करतानाच लॉक घ्यायचं, आणि मधे कुणी बदल केलाय का ते तेव्हा तपासायचं.

ग्रे पुढे टँडम, डिजिटल आणि 1995 पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते. 1998 मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या टीमने टेरासर्व्हर सुरू केला. पृथ्वीचे उपग्रहावरून आणि विमानातून काढलेले फोटो कुणालाही इंटरनेटवर बघता येऊ लागले. गुगल मॅप्स यायला अजून बरीच वर्षं होती.

28 जानेवारी 2007 ला ते ‘टेनेशियस’ नावाच्या आपल्या शिडाच्या बोटीतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायच्या होत्या. हवा चांगली होती. मदतीचा कोणताही संदेश आला नाही, पण ते परतलेच नाहीत. तटरक्षक दलाने काही दिवस शोधून थांबवलं. मग मित्रांनी त्या भागाचे उपग्रह फोटो मिळवले, त्यांचे बारीक तुकडे करून इंटरनेटवर टाकले, आणि हजारो अनोळखी लोक घरी बसून एकेक तुकडा बघत त्या समुद्रात एक बोट शोधत राहिले. टेरासर्व्हर आठवला ना?

बोट सापडली नाही. 2012 मध्ये कोर्टाने त्यांना मृत घोषित केलं.