पंडिता रमाबाई : हक्कांची शिकवण देणारे जीवन

वंचित समाजातील मुलामुलींना मानवी हक्क शिकवावेत, असे आज आपण आवर्जून म्हणतो. ते कसे शिकवावेत हे जाणण्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईने संस्कृत शिकवले. आईला ती विद्या वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी दिली होती व त्यासाठी समाजाचा रोष पत्करला होता. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण गेली. १८८२ मध्ये पतीही निवर्तले व पदरी तान्ही मनोरमा राहिली. निराधार स्त्रीचे दुःख त्या असे अनुभवाने शिकल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत, अशी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या व केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे केवळ अन्नछत्र नव्हते. मुली लिहावाचायला शिकल्या. शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकल्या. अंध मुलींच्या बोटांना ब्रेल लिपी मिळाली. दयेवर जगणारी मुलगी स्वतःच्या श्रमावर उभी राहू लागली.

१८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची आबाळ होत असल्याचे त्यांनी जाहीर पत्राने उघड केले. सत्ताधारी स्वधर्मीय आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आश्रमातील मुलींना यापेक्षा मोठा धडा कोणता?

मग त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे असे सोपे शब्द त्यांनी शोधले. भाषांतराचे काम करताना मला त्यांची ही निवड वारंवार आठवते : जे कळत नाही, ते आपले होत नाही. ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले; ज्यांना अक्षरही नाकारले होते, त्यांच्याच हातांनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाचकहो, मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. परंतु आपल्या वसतिगृहातील मुलीला प्रश्न विचारण्याची, हिशेब पाहण्याची, निर्णयात भाग घेण्याची मोकळीक आहे काय? नसेल, तर तिला हक्कांचा पाठ कोठून मिळणार? प्रभू आपल्याला रमाबाईंचे धैर्य देवो.