खिळ्यांचे जादूगार : जावजी दादाजी

परवा गुरुजींनी वर्गात शिशाचा एक जुना खिळा आणला होता. खिळा म्हणजे छापखान्यातलं अक्षर, भिंतीत ठोकायचा नव्हे! त्यावरचा ‘क’ उलटा होता. आम्ही सगळे हसलो. पण शाई लावून कागदावर दाबला, तर सुलटा उमटला. असे खिळे सुबक व्हावेत म्हणून जन्मभर झटलेल्या जावजी दादाजी चौधरी यांची ही गोष्ट.

जावजींचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी. शिकायच्या वयातच ते मुंबईला अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथले टॉमस ग्रॅहम साहेब मराठी खिळे करण्यात वाकबगार होते. जावजींच्या वाट्याला आलं खिळे घासण्याचं काम. पण घासता घासता कोणत्या अक्षराचं वळण कुठे बिघडतं, हे त्यांच्या नजरेला कळू लागलं असणार.

मराठी खिळे करणं सोपं नाही बरं का! इंग्रजीत अक्षरं सव्वीस. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार, शिवाय जोडाक्षरं. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ती कांडी तांब्यावर ठोकली की साचा तयार. त्यात शिशाचा रस ओतला की खिळा. कोरताना हात जरा हलला, तर तीच चूक प्रत्येक खिळ्यात उतरणार. आम्ही चुकलो तर खोडरबर आहे, तिथे कुठलं खोडरबर!

जावजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. पंचांगं, पोथ्या, संस्कृत ग्रंथ तिथे छापले जाऊ लागले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक सुरू केलं, तेही निर्णयसागरातच छापलं जाई. १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली. जुनी संस्कृत काव्यं त्यामुळे घरोघर पोचली. ‘निर्णयसागरी’ छपाई म्हणजे स्वच्छ छपाई, असा लौकिक झाला.

जावजी १८९२ साली वारले. पुढे तुकाराम जावजींनी छापखाना चालवला.

एक सांगायचं राहिलं. निर्णयसागरचे ते सुरेख ठसे कोरणारे कसबी कारागीर होते राणोजी रावजी आरू. पुस्तकावर ग्रंथकाराचं नाव असे, छापखान्याचं असे. अक्षर कोरणाऱ्याचं नाव घालायची रीत नव्हती. म्हणून आम्ही ते इथे लाल शाईने लिहिलं आहे.