जेरार्ड ओ'नील

जेरार्ड के. ओ'नील (६ फेब्रुवारी, १९२७ - २७ एप्रिल, १९९२) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व अवकाश वसाहतींच्या कल्पनेचे प्रवर्तक होते. अवकाशातील सौरऊर्जा पृथ्वीला पुरवण्याची योजना व्यवहार्य कशी होईल, याचा त्यांनी पद्धतशीर विचार केला.

जीवन व संशोधन

ओ'नील यांचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ते अमेरिकी नौदलात रडार तंत्रज्ञ होते. कॉर्नेल विद्यापीठातून १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले. कणांचे झोत वलयात साठवून परस्परांवर आदळवण्याची कल्पना त्यांनी १९५६ मध्ये मांडली. पुढील काळातील अनेक कणत्वरकांना ती पायाभूत ठरली. नासाच्या अंतराळवीर निवडीसाठीही त्यांनी अर्ज केला होता. मात्र त्यांची निवड झाली नाही.

अवकाशातील सौरऊर्जा

सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत जवळजवळ अखंड सूर्यप्रकाश मिळतो. तेथे वीज निर्माण करून ती सूक्ष्मलहरींच्या रूपाने पृथ्वीवर पाठवण्याची योजना पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये मांडली होती. हजारो टनांचे असे उपग्रह पृथ्वीवरून वर नेण्याचा खर्च हा तिच्यातील मुख्य अडसर होता.

ओ'नील यांनी बांधकामाचे साहित्य चंद्रावरून घेण्याचा मार्ग सुचवला. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, तर चंद्राचा सुमारे २.४ किलोमीटर आहे. लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे चंद्रावरून तेवढेच वस्तुमान मुक्त करण्यास सुमारे विसावा हिस्साच ऊर्जा पुरते. चंद्राच्या मातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन विपुल आहेत. वातावरण नसल्याने ती विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाने फेकता येईल, हे त्यांनी ताडले. हेन्री कोल्म यांच्या सहकार्याने त्यांनी अशा प्रक्षेपकाची प्रायोगिक प्रतिकृतीही तयार केली. वसाहतींत उपग्रह बांधावेत आणि विजेच्या उत्पन्नातून वसाहतींचा खर्च भागवावा, हे गणित त्यांनी १९७५ मध्ये सायन्स या नियतकालिकात मांडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्याकडे लक्ष वेधले गेले.

प्रतिसाद व टीका

उत्पन्न सुरू होण्यापूर्वीच चंद्रावरील खाणकाम, प्रक्षेपक व वसाहत यांवर प्रचंड भांडवल घालावे लागणार होते. हा योजनेचा कच्चा दुवा होता. अमेरिकी ऊर्जा विभाग व नासा यांनी १९७७ ते १९८० या काळात सौर उपग्रहांचा अभ्यास केला. परंतु त्यातील मूळ आराखडा पृथ्वीवरून साहित्य नेण्यावरच आधारलेला होता. त्यानंतर हा कार्यक्रम पुढे चालवला गेला नाही. ओ'नील यांनी मात्र १९७७ मध्ये प्रिन्स्टन येथे स्थापन केलेल्या स्पेस स्टडीज इन्स्टिट्यूटमार्फत, खाजगी देणग्यांच्या बळावर, संशोधन सुरू ठेवले. द हाय फ्रंटियर (१९७६) हा त्यांचा ग्रंथ विशेष गाजला.

अखेर

रक्ताच्या कर्करोगाने कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा काही अंश १९९७ मध्ये अवकाशात पाठवण्यात आला.