देवाच्या दरबारास दारें किती ?

लोणावळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावून मावळांतून देहू-आळंदीकडे वाहत जाणारी इंद्रायणी आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाची आहे. तिच्याच डोहांत तुकोबांनीं वडिलोपार्जित सावकारीचीं खतें सोडून दिलीं असें परंपरा सांगते; आणि शूद्र वाण्यानें धर्म सांगावा हें शास्त्री मंडळीस न सोसल्यामुळें त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच डोहांत गेल्या, अशी कथा आहे. ती घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्याच तुकोबांचा हात धरून सुमारें अडीचशें वर्षांनीं एक कोंकणस्थ ब्राह्मण ख्रिस्ताच्या पायांशीं गेला, आणि तेथेंही त्यास मिरासदारी आडवी आली, ही हकीकत तितकी प्रसिद्ध नाहीं. नारायण वामन टिळक यांस निवर्तून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांचें चरित्र आज सांगावेसें वाटतें, तें त्यांच्या काव्यगुणांसाठीं नव्हे. रुळलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाशीं धर्मसंस्थेनें कसें वागावें, या प्रश्नावर त्या चरित्राचा चांगला प्रकाश पडतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला. १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. वृत्ति मूळचीच अस्थिर. एका गांवीं, एका नोकरींत मन रमेना. जातिभेद आणि त्यापायीं झालेली देशाची अवनति यांनीं ते बेचैन होते. पुष्कळ वाचन-मनन करून त्यांनीं स्वतःपुरता एक धर्मच रचला होता. जगाचा कर्ता एक असून सर्व मनुष्यें त्याचीं लेंकरें आहेत, शास्त्रें मनुष्यांनींच लिहिलीं आहेत, पुनर्जन्म नाहीं, आणि ईश्वरावर श्रद्धा व माणसावर प्रेम हेंच धर्माचें सार, असा त्याचा आशय होता.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. त्यानें नव्या कराराचें पुस्तक हातीं ठेवलें. डोंगरावरील प्रवचन वाचतांच टिळकांस तें खालीं ठेववेना. दोन वर्षांच्या मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, व पुढें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत ते पडले.

आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळें येथें कायद्याची एक गोष्ट नमूद करतों. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें राखला होता. पुढें १८६६ च्या कायद्यानें, धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार नांदत नसल्यास, ख्रिस्ती झालेल्यास कोर्टाकडून विवाह मोडून घेण्याची सोय केली. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ पतीपासून दूर, पंढरपुरास व आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. टिळकांनीं कोर्टाची पायरी चढण्याऐवजीं पत्रें लिहिलीं, कविता लिहिल्या आणि वाट पाहिली. त्या परत आल्या तेव्हां आपलें सोंवळें आणि आपली वेगळी चूल घेऊन आल्या. त्या चुलीस पतीनें हात लाविला नाहीं. जातिभेद मनुष्यकृत आहे हें बाईंस आपल्याच विचारानें पटलें, व १९०० सालीं राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा हुकुमानें उत्पन्न होत नाहीं, हें टिळक प्रथम आपल्या घरांत शिकले.

भिन्न मतांस ख्रिस्ती मंडळींकडून त्या काळीं सामान्यतः कसें उत्तर मिळे, हें पाहण्यास दुसऱ्या एका कोंकणस्थ पंडिताचें उदाहरण घेऊं. फादर नेहेम्या गोऱ्हे, पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, यांनीं १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला व १८६० सालीं षड्दर्शनांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. पुढें ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्या मतांवरही त्यांनीं लेखणी चालविली. शास्त्राधारावांचून केवळ बुद्धीच्या बळावर उभा केलेला धर्म टिकाव धरणार नाहीं, असा त्यांचा रोख होता. त्यांची विद्वत्ता व त्याग आम्ही आदरानें मान्य करतों. परंतु खंडनानें प्रतिपक्षी निरुत्तर झाला, तरी तेवढ्यानें तो जवळ येतोच असें नाहीं. ज्या १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला त्याच सालीं गोऱ्हे निवर्तले.

टिळकांनीं निराळा मार्ग धरला. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. इंग्रजी चालींवर ओढून बसविलेल्या गीतांच्या जागीं त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन देवळांत आणलें. त्यांचीं शेंकडों गीतें आजही मराठी ख्रिस्ती उपासनेंत गाइलीं जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते उघड सांगत, आणि यहुदी लोकांस जसा जुना करार तशी महाराष्ट्रास संतवाणी, असें मानीत. बालकवि ठोमरे त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. त्यांस बाटविण्याचा विचार या पाळकाच्या मनास शिवला नाहीं.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची चाकरी सोडली व साताऱ्यास संन्यस्त वृत्तीनें राहून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथें बंधु म्हणून एकत्र यावेत, त्यावर परदेशी पैशाची वा हुकुमाची सावली नसावी, हा त्यांचा संकल्प. ख्रिस्त हा परक्या राज्यकर्त्यांचा देव आहे, ही आमच्या देशबांधवांची समजूत त्याशिवाय पुसणार नाहीं, असें त्यांस वाटे.

यावर मंडळींत शंका निघाल्या, आणि त्या सर्वच क्षुद्र होत्या असें आम्हांस म्हणवत नाहीं. बाप्तिस्म्यापायीं ज्यांनीं घर, वतन व आप्त गमावले, त्यांनीं विचारावें कीं, दरबारांत त्यावांचून प्रवेश मिळत असेल तर आम्ही सोसलें तें कशासाठीं ? हा प्रश्न खरा आहे. परंतु दुसरीकडे, ज्याचें मन ख्रिस्ताकडे ओढतें पण म्हाताऱ्या आईस टाकवत नाहीं, अशा माणसास केवळ दाराबाहेर उभें ठेवणें हेंही न्यायाचें नव्हे. टिळकांनीं त्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाची बाजू घेतली. मिशनच्या श्रेयाची गोष्ट ही कीं, त्यानें त्यांस वाळींत टाकलें नाहीं. ‘ज्ञानोदया’ची लेखणी अखेरपर्यंत त्यांच्याच हातीं राहिली.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें. दरबार त्यांच्यामागें फार काळ तगला नाहीं. पण बीज वायां गेलें नाहीं. ज्या अमेरिकन मिशनचे टिळक सेवक, त्याच मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं उतारवयांत तुकोबा आदि संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणलीं. विन्स्लो नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला व पुढच्याच वर्षीं टिळकांचें चरित्र प्रसिद्ध केलें. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. पंढरपुराहून आपली चूल घेऊन आलेली ती बाई शेवटीं पतीच्या काव्याची वारस झाली.

आमच्या व्यापारी व नागरिक वाचकांनीं ही हकीकत परक्या धर्माच्या घरांतील भांडण म्हणून सोडून देऊं नये. आमच्यांतही जातपंचायती आहेत. निराळें दैवत, निराळा गुरु किंवा निराळा जोडीदार पत्करणाऱ्याचें पाणी तोडणारे आहेत. महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, व अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या, हें योग्यच झालें. पण कायदा बहिष्कार घालणाऱ्यास शिक्षा करील. तुटलेल्या मुलास किंवा भावास जेवावयास बोलावणें त्याच्या हातीं नाहीं, तें घरच्यांनींच केलें पाहिजे. मतें पटत नसतील तर गोऱ्ह्यांप्रमाणें खुशाल वाद घालावा. मात्र वाद संपल्यावर लक्ष्मीबाईंच्या चुलीस टिळकांनीं दिला तेवढा मान प्रतिपक्षाच्या श्रद्धेस द्यावा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत घालावयास लावणाऱ्यांच्या ओळींत आपण जाऊन बसतों आहों काय, एवढें प्रत्येकानें पंचायतीच्या निवाड्यावर सही करण्यापूर्वीं स्वतःस विचारावें, अशी आमची विनंती आहे.