गोदातीरी विसावलेली शस्त्रे

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे सायंकाळच्या आरतीनंतर भाविकांना शस्त्रांचे दर्शन घडविले जाते. प्रत्येक शस्त्राचे नाव घेऊन ते दाखविले जाते. सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, बाणांनी भरलेला भाता, दोन धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल आणि तलवारी हा ठेवा शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्याशी निगडित मानला जातो. त्यांचे जीवन समजून घ्यायचे, तर या शस्त्रांचाच माग काढावा लागतो.

गुरू गोविंदसिंगांचा जन्म १६६६ साली पाटणा येथे झाला. शस्त्रांचा वारसा त्यांना आजोबांकडून मिळाला होता. सहावे गुरू हरगोविंद यांनी वडिलांच्या बलिदानानंतर दोन तलवारी धारण केल्या. एक ऐहिक सत्तेची, दुसरी आध्यात्मिक सत्तेची. भक्तांनी भेट म्हणून शस्त्रे व घोडे आणावेत, ही प्रथा त्यांनीच रूढ केली. पुढे १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला आणि अवघ्या नऊ वर्षांच्या गोविंदरायांवर गुरुपदाची जबाबदारी आली.

त्यांनी शस्त्रविद्या आणि काव्य या दोहोंची उपासना केली. १६८८ च्या भंगाणीच्या लढाईत त्यांनी पहाडी राजांच्या फौजेला परतवून लावले. आनंदपूरभोवती किल्ले उभारले. त्यांपैकी लोहगडावर शस्त्रे घडविली जात, असे परंपरा सांगते. दूरदूरच्या संगतींना त्यांची आज्ञापत्रे जात आणि शस्त्रास्त्रे येत. दशम ग्रंथातील ‘शस्त्रनाममाला’ या रचनेत तर तलवार, चक्र, बाण, पाश, बंदूक अशा आयुधांची नावे कोड्यांच्या रूपाने गुंफलेली आहेत. शस्त्र ओळखणे हीसुद्धा तेथे एक साधना झाली.

मात्र हा संग्रह दालन सजविण्यासाठी नव्हता. १६९९ च्या वैशाखीला खालसा पंथाची स्थापना झाली. तेव्हा शिर अर्पण करण्यास पुढे आलेल्या पाच जणांत लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, द्वारकेचा छिंपी, जगन्नाथपुरीचा पाणक्या आणि आपल्या उदगीरपासून जवळच असलेल्या बिदरचा न्हावी होता. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र येऊ दिले गेले नव्हते, त्यांच्या कमरेला गुरूंनी कृपाण दिले. शस्त्र हे कुळाचे भूषण राहिले नाही, ते सामान्य माणसाच्या स्वाभिमानाचे चिन्ह झाले.

या चिन्हाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १७०४ च्या अखेरीस आनंदपूर सोडावे लागले. चमकौरच्या लढाईत दोन थोरले पुत्र धारातीर्थी पडले. दोन धाकट्यांना सरहिंद येथे ठार करण्यात आले. तरीही त्यांनी औरंगजेबाला फारसीत काव्यमय पत्र लिहून वचनभंगाचा जाब विचारला. ते पत्र आजच्या अहिल्यानगर येथे मुक्कामी असलेल्या बादशहाकडे रवाना झाले. गुरूंच्या बाणांच्या टोकांना सोने लावलेले असे, मृत शत्रूच्या अंत्यविधीचा खर्च त्यातून भागावा, अशी आख्यायिका आहे. बाणाची ती ओळख त्यांच्या युद्धनीतीचीही ओळख ठरली.

औरंगजेबानंतर बादशहा बहादूरशहा दक्षिणेत निघाला, तेव्हा गुरूही १७०८ मध्ये नांदेडला आले. गोदातीरी मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याला त्यांनी खालशात घेऊन पाच बाण दिले आणि पंजाबकडे धाडले. हाच बंदा बहादूर. त्याने १७१० मध्ये सरहिंद जिंकले. इकडे नांदेडमध्ये मारेकऱ्याने गुरूंवर खंजिराचा वार केला. जखम शिवली गेली, भरूही लागली; परंतु एक कठीण धनुष्य ओढताना टाके तुटले, असे परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपद कोणा व्यक्तीला न देता ग्रंथाला दिले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांचीही पदे आहेत. आयुष्यभर शस्त्र जवळ बाळगणाऱ्या या पुरुषाने अखेरचा अधिकार शब्दाच्या हाती सोपविला.

त्यांच्या शस्त्रांचे पुढचे प्रवास वेगवेगळे झाले. रणजितसिंगांच्या लाहोरच्या तोषाखान्यातील काही शस्त्रे १८४९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेली. लॉर्ड डलहौसीने ती विलायतेला नेली. शतकाहून अधिक काळ ती परक्या घरात होती. १९६० च्या दशकात ती भारतात परतली आणि आनंदपूरच्या केसगड साहिब येथे विराजमान झाली. नांदेडला रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंडाची वास्तू उभारली. येथील शस्त्रे मात्र गोदातीरीच राहिली. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या दिवशी गोदावरीचे पाणी आणून ती धुतली जातात.

जुने शस्त्र ओळखताना जाणकार मूठ, पाते, पोलाद व कोरीव अक्षरे पाहतात. तेवढ्याने त्याचा काळ व घडण कळते. ते कोणाचे आणि कशासाठी उचलले गेले, हे त्याला जपणाऱ्यांच्या आठवणीतूनच कळते. नांदेडकरांनी तीनशेहून अधिक वर्षे जतन केली आहे ती ही आठवण.